ग्लेनचं हँडल

ओरिन बुलर हा काही सायकलवाला माणूस नव्हता. त्याचं आयुष्य गेलं ते ग्रेडरवर. हार्लन स्प्रिंग्जच्या वेशीपाशी डांबर संपतं आणि पुढे कॅन्ससच्या टेकड्यांवर सगळीकडे पांढरी खडीच. पावसाने ती वाहून जाते, गुरांच्या ट्रकांखाली दबून रस्त्यात लाटा उठतात, की मग काउंटीचा पिवळा ग्रेडर आपलं लांबलचक पातं टेकवून सगळं पुन्हा सारखं करत जातो. त्या पात्याकडे मागे वळून बघत ओरिनची मान एका बाजूला आखडली होती, आणि यंत्राच्या थरथरीने बोटं सकाळी उठल्यावर जरा वेळ परक्याची वाटायची. उंच, रुंद, बोलणं बेताचं. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणारा. पन्नाशी उलटली तरी लग्नाचं नाव काढलं नाही तेव्हा गावाने आशा सोडली, आणि गावाने आशा सोडल्यावर त्याने लेटाशी लग्न केलं.

लेटा जनावरांच्या डॉक्टरकडे कामाला होती. पुढच्या टेबलावर बसून फोन घ्यायची, आणि वेळ पडली तर अडलेल्या गाईचा पाय धरायलाही उभी राहायची. हसरी बाई. ओरिनला ती शाळेपासून आवडायची, पण तेव्हा तो बोलला नाही आणि ग्लेन रेम्पेल बोलला. एवढीच गोष्ट.

ग्लेन शाळेत विज्ञान शिकवायचा, पण गावाने त्याला ओळखलं ते सायकलमुळे. खडीवरून सायकल हाणायचं वेड या गावात त्याने आणलं. आधी चार माणसं, मग चाळीस, मग दरवर्षी जूनमध्ये शर्यतीला बाहेरगावाहून इतकी माणसं येऊ लागली की चर्चच्या मैदानात तंबू पडायचे. आणि एका सकाळी ग्लेन उठलाच नाही. मेंदूतली शीर फुटली होती म्हणे. गावाने शर्यतीला त्याचं नाव दिलं. गावाच्या दक्षिणेला एक लांब, सरळसोट उतार आहे, खाली ओढा. तो उतार ग्लेन वाऱ्यासारखा उतरायचा म्हणून पोरांनी तिथे देवदाराच्या खांबावर पाटी ठोकली: ‘ग्लेनचा उतार’. त्यावर एक वाकलेला सायकलस्वार कोरला होता.

ओरिनला त्या पाटीपाशी आलं की पातं उचलावं लागायचं.

जिवंत माणसाचा हेवा करणं सोपं असतं. त्याची कधीतरी फजिती होते, तो कधीतरी खोटं बोलताना सापडतो, आपलं समाधान होतं. मेलेला माणूस मात्र दिवसेंदिवस चांगलाच होत जातो. ओरिनच्या वाट्याला हा दुसरा प्रकार आला. चर्चच्या जेवणात उन्रूकाकू त्याच्या ताटात कोबी-खिम्याचा पाव वाढताना म्हणायच्या, “लेटाचा पहिला नवरा म्हणजे देवमाणूस हो.” मग ओरिनकडे बघून घाईने, “तूही चांगलाच आहेस!” तो ‘ही’ ओरिनच्या घशात पावाबरोबर अडकायचा.

लेटा स्वतः ग्लेनचं नाव काढायची नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. ‘ग्लेन घोरायचा’ असं एकदा जरी ती म्हणाली असती तरी ओरिन त्या रात्री शांत झोपला असता. पण ती बोलायची नाही, आणि जे माणूस बोलत नाही ते त्याने कुठेतरी खोल जपून ठेवलेलं असतं, अशी ओरिनची समजूत. भिंतीवरचे त्याचे फोटो तिने या लग्नाआधीच उतरवले होते. गॅरेजात आढ्याला टांगलेली त्याची सायकल तेवढी राहिली होती. ओरिन गाडी आत घ्यायचा तेव्हा तिचं हँडल बरोबर त्याच्या डोक्यावर यायचं, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं.

मग डॉक्टरने त्याच्या रक्तात साखर काढली. जनावरांच्या नव्हे, माणसांच्या डॉक्टरने. गोड बंद, आणि रोज घाम निघेल असं काहीतरी करायचं.

“चालायला जाईन,” ओरिन म्हणाला.

“तू? दोन दिवस जाशील.” लेटा भांडी पुसत होती. “गॅरेजात सायकल आहे की. हवा भरली की चालेल.”

“कुणाची?” त्याला माहीत होतं, तरी विचारलं.

“कुणाची म्हणजे? गॅरेजात एकच आहे.”

तिने आपण होऊन दिली याचा ओरिनला आनंद होता, आणि तिने नाव घेतलं नाही याची जळजळ होती. दोन्ही एकाच वेळी झालं, त्यामुळे तो नुसताच ‘बरं’ म्हणाला.

रुबेनचं सायकलचं दुकान जुन्या पेंडीच्या गोदामात. अजून तिथे आत शिरलं की गुळमट पेंडीचा वास येतो. रुबेन ग्लेनचा जिवाभावाचा मित्र, बोलायला तिखट.

“या, या, रस्त्याचे मालक!” त्याने हात पुसत स्वागत केलं. “परवा पश्चिमेच्या रस्त्यावर काय ओतलंस रे? आमच्या पोरांनी ओळीने लोटांगणं घातली.”

“खडी आहे. खडीसारखीच असणार,” ओरिन म्हणाला.

रुबेनची नजर सायकलवर गेली. शिंगांवरच्या तपकिरी पट्टीवरून त्याने अंगठा फिरवला. ओरिनला तो अंगठा आवडला नाही.

चाकं, साखळी, ब्रेक सगळं तपासून रुबेनने सायकल स्टँडवर चढवली आणि ओरिनला वर बसवलं. मग लांब उभा राहून बघितलं आणि मान हलवली.

“वाक. आणखी. खालच्या टोकाला धर. आता समोर बघ.”

ओरिनने समोर बघायचा प्रयत्न केला. मानेत कळ आली. त्याने ती गिळली.

“हे बघ,” रुबेन म्हणाला, “या शिंगांचा फायदा हा, की हात ठेवायला तीन जागा. वर धर, ब्रेकच्या या कानांवर धर, समोरून वारा आला की खाली वाक. दिवसभर मारायची असेल तर यासारखं नाही. पण त्याला मान पाहिजे, कंबर पाहिजे आणि बोटं शाबूत पाहिजेत. तुझी मान म्हणजे गंजलेलं बिजागर. तुला मी सरळ हँडल बसवतो. छाती उघडी राहील, हात रुंद राहतील, चाक खडीत घसरलं तरी ताबा सुटणार नाही. ब्रेकही मूठभरून दाबता येईल. नुसती दांडी बदलून भागत नाही, ब्रेक-गिअरचे खटकेही वेगळे लागतात, पण माझ्याकडे पडलेत.”

“ग्लेन किती वाकायचा?” ओरिनने विचारलं.

रुबेन हसला. “ग्लेन? त्याचं नाक चाकाला घासायचं बाकी असायचं.”

“मग असू दे असंच.”

“अरे, तो ग्लेन होता.”

“असू दे म्हटलं ना.”

त्या वसंतात कुरणं जाळून झाली होती, काळ्या जमिनीतून पोपटी गवत वर येत होतं, आणि कामावरून सुटला की ओरिन सायकल काढायचा. पहिले काही दिवस त्याला मैलभरात धाप लागायची. मग कमी लागू लागली. ज्या रस्त्यांवर तो उंच काचेच्या खोलीत बसून फिरला होता तेच रस्ते आता त्याच्या ढुंगणाला कळू लागले, आणि स्वतःच्याच कामाला त्याने एकदोन शिव्या घातल्या. पण सुख त्याला सायकलचं नव्हतं. सुख वेगळंच होतं. एकदा उन्रूकाकू टपालाच्या पेटीपाशी उभ्या होत्या. तो वाकून आला तशा त्या छातीवर हात ठेवून मागे सरल्या.

“अगं बाई! मला क्षणभर ग्लेनच वाटला!”

ओरिन पुढे गेला आणि त्याला कळेना की हे ऐकून आपण इतके खूश का झालो आणि इतके संतापलो का. पुढच्या वेळी मात्र तो त्या घरावरून जाताना मुद्दाम जास्त वाकला.

मग त्याच्या मनात आलं, लेटाने बघायला हवं. दवाखान्याची खिडकी रस्त्याकडे होती. एका शनिवारी लेटा तिथे टेबलाशी बसलेली असताना तो गावाच्या त्या टोकाकडून सुसाट आला, खालच्या शिंगांना धरून, पाठ सपाट करून. खिडकीपाशी येताच त्याने डोळे वर केले. लेटाने त्याला बघितलं. हात वर केला नाही. हसली नाही. तिचा चेहरा असा उतरला, जसा दिवा कुणीतरी आतून मालवावा.

झालं. ओरिनला जे हवं होतं ते मिळालं आणि तेच त्याला डसलं. तिला ग्लेन दिसला, त्याने ठरवून टाकलं. तिला ग्लेन दिसला, मग तो ग्लेन नाही हे दिसलं, आणि तिचा चेहरा उतरला. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा लेटाने तिखट खिमा-राजमा आणि दालचिनीचा रोल वाढला होता, रोल अर्धाच, साखरेमुळे. त्याने तो अर्धाही ताटातच ठेवला.

बोटांचा त्रास वाढत गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दिवसभर झोपलेलंच. शर्टाची बटणं लेटा लावून द्यायची. एका संध्याकाळी कॉफीचा कप त्याच्या हातातून सरळ खाली गेला.

लेटाने तुकडे गोळा केले. “रुबेन म्हणत होता, सरळ हँडल बसवून घे म्हणून. घे ना बसवून.”

“रुबेनशी बोललीस?”

“कुत्र्याला घेऊन आला होता.”

“आणि दोघांनी मिळून ठरवलंत की ओरिनला झेपत नाही.”

“तुझ्या हातात कप राहत नाहीये, ओरिन.”

“ग्लेनच्या राहायचा.”

त्या स्वयंपाकघरात ते नाव पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. लेटा तुकडे हातात घेऊन तशीच उभी राहिली.

“इथे ग्लेनचं काय आलं?”

“तेच मी विचारतोय. मी आल्यापासून विचारतोय. त्याच्या जागी मी बसलेला तुला बघवत नाही, एवढं सरळ सांग की. मग सरळ काय, वाकडं काय, कुठलंही हँडल बसवतो.”

लेटाने तुकडे कचऱ्यात टाकले. “मला जे सांगायचंय ते ऐकायच्या जागेवर तू आत्ता नाहीस,” ती म्हणाली आणि मागच्या अंगणात कोंबड्या कोंडायला गेली. ओरिनला वाटलं ती रडायला गेली. कुणासाठी, हे त्याने स्वतःलाच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता आणि दक्षिणेच्या रस्त्यावर ग्रेडर न्यायचा होता. ओरिन उताराच्या माथ्यावर आला. खाली ओढा चमकत होता, कुंपणाच्या दगडी खांबावर एक पिवळ्या छातीचा पक्षी ओरडत होता. पाटी समोर होती. काउंटीच्या नियमाप्रमाणे रस्त्याच्या हद्दीत खाजगी पाटी लावायची नसते. हा नियम ओरिनला इतकी वर्षं माहीत होता आणि इतकी वर्षं तो पातं उचलत आला होता. त्या दिवशी त्याने हात खटक्यावर ठेवला, आणि पातं उचललं नाही.

काडकन आवाज झाला. एवढ्या मोठ्या यंत्राला तो जाणवलासुद्धा नाही. ओरिन उतरला, वाकलेल्या सायकलस्वाराची पाटी त्याने शेजारच्या काटेरी कुंपणात भिरकावली आणि पुन्हा वर चढला. थोडा वेळ त्याला फार बरं वाटलं. छातीवरचं ओझं कुणी काढून घ्यावं तसं. ओढ्यापर्यंत पोचेपर्यंत ते बरं वाटणं संपलं.

गावात बातमी जायला वेळ लागत नाही. संध्याकाळी रुबेन दारात उभा.

“पाटी पडलीय. पात्याला लागली का?”

“लागली असेल.”

रुबेनने टोपी काढली. “ओरिन, रस्त्यात कासव आलं तर तू ग्रेडर थांबवून खाली उतरतोस. मी स्वतः बघितलंय.”

रुबेन टोपी डोक्यावर घालून निघून गेला.

लेटा आत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने एवढंच विचारलं, “कुठे टाकलीस?”

त्याने सांगितलं. तिने गाडीची किल्ली घेतली, गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातावर काट्यांचे ओरखडे होते. पाटी तिने गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवली. ओरिनने ते ओरखडे बघितले आणि त्याच्या मनातल्या आगीत आणखी एक लाकूड पडलं. मेलेल्या नवऱ्याच्या पाटीसाठी ही काट्यात हात घालते. दुसऱ्याच दिवशी तो चर्चच्या दारात शर्यतीची नावं लिहून घेणाऱ्या बाईकडे गेला आणि त्याने आपलं नाव घातलं. लांबच्या नव्हे, छोट्या शर्यतीत, पण तीही त्या उतारावरूनच जायची.

शर्यतीचा दिवस उजाडला तोच दक्षिणेचा वारा घेऊन. चर्चसमोर माणसांची जत्रा. दरवर्षीप्रमाणे झेंडा लेटाने हलवला. दरवर्षीप्रमाणे ती मग गाडी घेऊन उताराच्या तळाशी, ओढ्यापाशी, पाणी वाटायला गेली. ग्लेन असताना ती तिथेच उभी राहायची, आणि ग्लेन गेल्यावरही ती जागा कुणी तिच्याकडून काढून घेतली नव्हती.

ओरिन चांगला निघाला. पहिल्या काही मैलांत त्याने बऱ्याच जणांना मागे टाकलं. रस्ते त्याच्या हातचे होते, कुठे खडी सैल आहे, कुठे गाडीच्या चाकोरीत कडक जमीन आहे, सगळं पाठ. वारा तोंडावर आला की तो शिंगं धरून खाली वाकायचा आणि वारा खरंच वरून जायचा. एक गोष्ट त्याला तिथे कबूल करावी लागली, की हे मजेचं आहे. ग्लेनला यात काय मिळायचं ते त्याला कळलं, आणि कळलं म्हणून पुन्हा हेवा वाटला.

माथ्यावर तो पोचला तेव्हा मानेतली कळ डोक्यात चढली होती. खाली निळा तंबू, टेबल, आणि टेबलापाशी लेटाची लाल टोपी. त्याने मनात कितीदा रंगवलं होतं: तो वाकून खाली येतोय, धूळ उडतेय, ती बघतेय. त्याने ब्रेकवर बोटं ठेवली.

ठेवली की नाही, हे त्याला कळेना. बोटांना काहीच लागत नव्हतं. खाली बघून त्याला खात्री करावी लागली की बोटं खटक्यावर आहेत. त्याने दाबलं. दाबलं गेलं का? चाक पुढे सरकलं, खडी कुरकुरली, उतार ओढू लागला. त्याने पाय खाली टाकला, घसरत घसरत कसाबसा थांबला, आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

मागून माणसं आली, गेली. “काका, ठीक आहात ना?” एक पोरगी ओरडली आणि उत्तराची वाट न बघता खाली नाहीशी झाली. ज्यांना त्याने मागे टाकलं होतं ते सगळे एकेक करून पुढे गेले. उन्रूकाकूंचा नातू गेला. सरळ हँडलच्या जुनाट सायकलवरचा एक पोटसुटा माणूस शीळ घालत गेला.

ओरिन उतरला. सायकल हाताने धरून तो उतार चालू लागला. मोडक्या खांबाचं खोड रस्त्याकडेला तसंच होतं. खालून सगळ्यांना तो दिसत होता, हे त्याला माहीत होतं. इतका लांब रस्ता त्याने आयुष्यात कधी केला नव्हता.

लेटा टेबल सोडून वर चालत आली. तिने त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला, आणि त्याची बोटं धरेनात म्हणून स्वतःच तो धरून ठेवला. तो प्याला.

“बघितलंस?” तो म्हणाला. “तो असा उतरायचा नाही.”

“नाही. तो सुसाट जायचा. पाण्यालाही थांबायचा नाही. मी हात पुढे करून उभी असायचे, तो पेला उचलायचा आणि जायचा. कधीकधी उचलायचाही नाही.”

ओरिनने तिच्याकडे बघितलं.

“तू ग्लेनसारखा दिसावास असं मला वाटतं, असंच धरून चाललायस ना तू?”

“त्या दिवशी खिडकीतून तू माझ्याकडे बघितलंस. तुझा चेहरा उतरला.”

“उतरणारच! म्हटलं, आली पुन्हा नशिबी पाठ.”

“पाठ?”

“पाठच. वीसेक वर्षं संसार केला मी त्याच्याशी, आणि सगळे शनिवार त्याची पाठ बघितली. माणूस चांगला होता रे, त्याबद्दल मला कुणी सांगायला नको. पण घरातून निघाला की वाकलेला, परत आला की दमलेला. गाव म्हणायचं, लेटा नशिबाची, नवऱ्याला ना दारू ना बाई. अरे, बाई असती तर तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या मी. या शिंगांचं काय उपटणार?” तिने हँडलवर एक चापट मारली. “जेवढा मत्सर मी यांचा केलाय तेवढा आयुष्यात कुणाचा केला नाही. आणि गावात कुणाला सांगू? देवमाणसाच्या सायकलवर जळते म्हणून?”

खालून कुणीतरी पाण्यासाठी हाक मारली. लेटाने ‘घ्या हाताने’ म्हणून ओरडून सांगितलं.

“मग मला का दिलीस ती?”

“तुझी साखर वाढली म्हणून. आणि वाटलं, तू विचारशील. ‘येतेस का’ म्हणून. त्याने कधी विचारलं नाही. तू तर शिंगं धरलीस आणि त्याच्याहून खाली वाकून निघून गेलास.”

ओरिनला जे सगळ्यात जास्त सलत होतं तेच त्याच्या तोंडातून आलं. “पाटीसाठी मात्र काट्यात हात घातलास.”

“तू मोडलीस ती,” लेटा म्हणाली. “माझ्या नवऱ्याने मोडलेली वस्तू दुसऱ्याच्या कुंपणात पडलेली मला बघवेना. त्याची होती म्हणून नाही आणली मी.”

तो तिथेच खडीत बसला. रडला म्हणावं तर डोळ्यांत धूळही बरीच होती. लेटाने त्याला शर्यत पुरी करायला सांगितलं, अजून थोडीच राहिली होती आणि पुढचा रस्ता सपाट होता. पण तो गेला नाही. सायकल कुंपणाला टेकवून तो टेबलामागे तिच्याशेजारी उभा राहिला आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत पाणी वाटत राहिला. बोटं धड चालत नव्हती, बरंचसं पाणी लोकांच्या बुटांवर गेलं.

संध्याकाळी चर्चच्या मैदानात जेवणं चालू असताना तो रुबेनच्या टेबलापाशी गेला. तिथे आणखी बरीच माणसं बसली होती. ओरिनने ती उठायची वाट बघितली नाही.

“पाटी चुकून नाही लागली. मी पाडली.”

उन्रूकाकूंचा चमचा हवेतच राहिला.

“का?” रुबेनने विचारलं.

“हेव्याने.”

असलं उत्तर त्या मैदानात कुणी कधी दिलं नसेल. रुबेनने डोकं खाजवलं, पेल्यातलं उरलेलं प्यायला, आणि म्हणाला, “खांब तू आणायचास. आणि खड्डा तूच खणायचास. तिथे खाली नुसता दगड आहे, तेवढी शिक्षा पुरे.” ओरिनने तो खणला. कुरणाच्या मालकाच्या परवानगीने कुंपणाच्या आतल्या बाजूला, काउंटीच्या हद्दीबाहेर. अर्धा दिवस पहार घातल्यावर खांब उभा राहिला. काही माणसं त्याच्याशी त्यानंतर बरेच महिने तुटक वागली, आणि एकदोन अजूनही वागतात. त्याचं त्याने कधी वाईट वाटून घेतलं नाही.

मग तो सायकल घेऊन रुबेनकडे गेला. रुबेनने शिंगांवरची तपकिरी पट्टी सोडवायला घेतली. आतून ती घामाने काळी पडली होती, कडेला मिठाची पांढरी रेघ होती. ओरिन ते बघत उभा राहिला. देवमाणसाला घाम यायचा हे त्याच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. दमत असेल बिचारा, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या माणसाबद्दल असं काही मनात येण्याची ती पहिलीच वेळ.

सरळ हँडल लागलं. ओरिन वर बसला, समोर बघितलं, आणि मान दुखली नाही. इतकी साधी गोष्ट होती.

लेटा बरोबर आली होती. तिच्यासाठी रुबेनने एक लहान मापाची जुनी सायकल काढून ठेवली होती. “हिलाही सरळच लावतो ना?” त्याने विचारलं. लेटाने आधी ओरिनची सायकल गोदामाच्या आवारात फिरवून बघितली. “ही तर बाजाराची ढकलगाडी वाटते,” ती म्हणाली. मग शिंगांची एक सायकल घेतली, वाकली, आणि जी गेली ती रेल्वेच्या फाटकापर्यंत जाऊनच परत आली. गाल लाल झाले होते.

“मला ही पाहिजेत.”

“शिंगं?” ओरिन ओरडलाच. “मत्सर करायचीस ना त्यांचा?”

“दुसऱ्याच्या हातात होती म्हणून,” लेटा म्हणाली.

रुबेन इतका हसला की त्याला पेंडीच्या पोत्यावर बसावं लागलं.

आता शनिवारी दोघं बरोबर निघतात. सपाटीवर लेटा हात वर घेऊन सरळ बसते आणि मग त्यांच्या गप्पा चालतात, कुणाची गाय व्याली, कुठली मोरी खचली. ओरिनची साखर उतरली आहे, पूर्ण नाही, पण डॉक्टर भुवया चढवत नाही. बोटं बऱ्यापैकी परत आली. त्याच वर्षी, हिवाळ्याआधी गवत तांबडं झालं होतं तेव्हाची एक गोष्ट. दक्षिणेचा वारा सुटला आणि लेटा वाकली. ओरिन आपल्या सरळ हँडलमागे शिडासारखा उभा, सगळा वारा छातीवर. बघता बघता ती लांब गेली. उन्रूकाकू पेटीपाशी होत्याच. “काय चालवते रे!” त्या म्हणाल्या. “अगदी ग्लेनसारखी!”

ओरिनच्या छातीत जुनी कळ आली. ती कधी पूर्ण गेलीच नव्हती. त्याने मान वर करून लांब जाणाऱ्या लेटाची पाठ बघितली, पायडलवर जोर दिला आणि सगळा लाजाळूपणा सोडून रस्त्यात हाक मारली, “अगं, थांब की!”

ती पुढच्या फाट्यावर थांबली. एक पाय जमिनीवर टेकून, वळून त्याच्याकडे बघत. तो धापा टाकत पोचला.

“मान दुखतेय?” तिने विचारलं.

“नाही. हेवा वाटतोय.”

“कुणाचा?”

“आज तुझा.”

“वाटू दे,” लेटा म्हणाली आणि खिशातला अर्धा रोल मोडून त्यातला लहान तुकडा तिने त्याला दिला.